मैना कोरडी पडली तेव्हा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही — आणि तिला तर माझी शुगर वाढलेली माझ्याआधी कळते. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून कदाचित जमेल. बघू.

नागपुरात समुद्र नाही, पण आमच्या क्लबाकडे शर्यतीची एक शिडाची होडी होती. मैना. इंग्रजांच्या काळात कुणा साहेबानं ती मुंबईहून आगगाडीनं आणवली. तलावावरच्या शर्यतींत ती कैक वर्षं कुणाला पुढे जाऊ देत नसे. साहेब गेले, आपली माणसं तिच्यात बसली, पुढे कुणीच बसेनासं झालं आणि ती शेडमध्ये उपडी पडली. मी इतिहासाचा निवृत्त मास्तर. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसा मी तिचा इतिहास लिहायला घेतला. जुने फोटो दाखवून मंडळींचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे दुरुस्ती ठरली.

मारोती मिस्त्री मिळाले. साठी उलटलेले, कमी बोलणारे. सागवानाची फळी आधी नाकाजवळ नेत, मग नखानं टोकरत, आणि चालेल की नाही ते सांगत. त्यांनी नाही म्हटलेली फळी वखारवाला मुकाट परत घेई. कुजलेल्या फळ्या काढून त्यांनी नव्या बसवल्या, पाणी शिरू नये म्हणून सांध्यांत कापूस ठोकला. चार महिने मी शेजारी खुर्ची टाकून बसायचो आणि स्वतःला त्यांचा असिस्टंट म्हणवून घ्यायचो. फार सुखाचे दिवस होते ते, खरंच.

मग मे लागला. आमच्या उन्हात लाकूड सुकलं की आकसतं, चिरतं. म्हणून होडी पाण्यात सोडेपर्यंत तिच्यावर गोणपाटं घालायची आणि ती दिवसातून तीनदा भिजवायची. मिस्त्रींना पुतणीच्या लग्नाला चार दिवस गावी जायचं होतं. चौकीदाराला सांगून ठेवतो म्हणाले. मीच म्हटलं, मी आहे ना!

"सर, तीनदा म्हणजे तीनदा," निघताना ते म्हणाले. "लेकरू समजून पाणी पाजजा जी तिले."

गेलो का मी? पहिल्या दिवशी सकाळी गेलो. मग — मनीषनगरहून तलाव लांब, रस्त्यावर चिटपाखरू नाही, घरी आमरस झालेला. कूलरसमोर आडवा झालो. संध्याकाळी जाऊ म्हटलं, मग उद्या जाऊ म्हटलं. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींचा फोन आला, मागे लग्नाचा बँड वाजत होता. पाणी घालून राहिले ना जी? हो हो, घालून राहिलो, मी म्हणालो. आणि कूस बदलली.

चौथ्या दिवशी गेलो, तर गोणपाटं पापडासारखी कडक झाली होती. खालच्या दोन नव्या फळ्यांना लांबच लांब चिरा, नख जाईल एवढ्या. तेव्हा तरी सांगायचं? नाही. मी भेगा बुजवायची लांबी, म्हणजे पुट्टी आणली, चिरा भरल्या, घासल्या, वर रंग मारला — मिस्त्रींकडे पाहूनच शिकलो होतो हे. गोणपाटं भिजवून पुन्हा पांघरली. ते परतले तेव्हा म्हणाले, सरांनी लेकीवानी सांभाळली.

पाण्यात सोडायच्या दिवशी नारळ फुटला, शीड चढलं, टाळ्या पडल्या. काठापासून जेमतेम पन्नास हातांवर लांबी सुटली आणि मैना भरत भरत खाली बसली. मिस्त्री तिच्यातच होते. छातीभर पाण्यातून ते चालत आले. होडी ओढून काढली तेव्हा लांबीचा मागमूस उरला नव्हता; उघड्या चिरांवरून बोट फिरवत कितीतरी वेळ उकिडवे बसून राहिले.

क्लबाच्या सेक्रेटरींनी मला सगळ्यांदेखत विचारलं, "सर, तुम्ही रोज इथे होता. लाकूड कच्चं होतं का?"

आता सांगतो. मी म्हणालो, "मला जरा शंका आली होती."

हेच ते. आळस झाला होता, लपवालपवी झाली होती, पण हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत, समोर बघून बोललो. मिस्त्री भांडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "असंल. सरांनी पाणी तं रोज घातलं होतं. मंग लाकूडच कच्चं असंल." माझ्या शब्दावर विश्वास होता, म्हणून त्यांनी स्वतःच्या नाकावरचा काढून घेतला. एवढं साधं गणित.

मैना पुन्हा शेडमध्ये गेली. मी इतिहास पुरा केला. शेवटच्या ओळीत 'दुरुस्तीत वापरलेले लाकूड कच्चे निघाल्याने' असं मीच लिहिलं. तो फ्रेममध्ये क्लबाच्या भिंतीवर आहे. लोक माझ्या भाषेचं कौतुक करतात. लाज वाटते — पण तो उतरवायला माझा हात अजून गेलेला नाही.

गेल्या महिन्यात सदर भागातल्या एका प्लायवूडच्या दुकानात मिस्त्री भेटले. आता लाकूड घेतच नाही म्हणाले, फक्त प्लाय. "त्यात वळखा लागत नाही काही. माह्या नाकानं धोका देल्ला जी मले, त्या मैनेच्या वक्ती. अजून समजत नाही, कसं काय चुकलो."

दुकानात आम्ही दोघंच होतो. मालक मागे गोदामात गेला होता. कुणीही ऐकणारं नव्हतं.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "वय झालं मिस्त्री, होतं असं."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं.