धूर जातो कुठे

मंगळवारी दुपारी रामदासपेठेतल्या दवाखान्यात माझे यजमान वारले. बुधवारी दहन झालं. गुरुवारी अस्थी कापडात बांधून अंगणातल्या कडुलिंबाला टांगल्या. आमच्याकडे त्या घरात आणत नाहीत.

नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी मौद्याजवळच्या वीज केंद्रात काढली. घरी आले की चहा पिताना विचारायचे, “एवढा धूर जाते कुठं? तू वाचते ना, शोध.” मी हसून टाळायचे. समुद्र आम्ही दोघांनीही पाहिला नव्हता. आधी रजा मिळेना, मग माझे गुडघे, मग त्यांचं दुखणं. म्हणून मी ठरवलं, अस्थी समुद्रातच सोडायच्या.

मोठ्या नणंदबाई ऐकेनात. “जिना उतरता येत नाही तुले, अन् समुद्रावर जाते! दहाव्याच्या आत कन्हानले नेऊन सोडू. काहून लटकवून ठेवतं माया भावाले?”

माणसं भेटायला येत होती, मला बोलवत नव्हतं. समुद्रावरचं एक पुस्तक मी त्यांच्यासाठी आणलं होतं आणि ते न उघडताच राहिलं होतं. तेच घेऊन बसले.

आणि तिथे उत्तर होतं! हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्र आपल्या पाण्यात विरघळवून घेतो. धुराड्यांतला घेतो, आपल्या श्वासातलाही घेतो. वरच्या उजेडात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती त्यावर वाढतात, बारके जीव त्याचे शंख-शिंपले करतात, आणि मेल्यावर त्यातलं काही भुरभुरत तळाशी जातं. तिथे शतकानुशतकं राहतं. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. सांगायला वळले तर त्यांची खुर्ची रिकामी. मग स्वयंपाकघरात नणंदबाईंनाच गाठलं.

“पाणी काय हवा खाते? काहीबी सांगतं,” त्या म्हणाल्या.

त्यांच्याच पानाच्या डब्यातला चुना मी पाण्यात कालवला.

“काय वं, चुना काहून नासून राहिली माया?”

चुना खाली बसू दिला, वरचं नितळ पाणी पेल्यात ओतलं आणि सरबताची नळी त्यांच्या हातात दिली. “आक्का, फुंका. पिऊ मात्र नका.”

“तेराव्याच्या आधीच येडी झाली ही,” म्हणत त्यांनी फुंकलं. पाणी दुधाळ झालं.

“अगं माय! हे काय झालं?”

“तुमच्या श्वासाचा खडू झाला.”

त्यांनी पुन्हा फुंकलं. पेला उजेडाकडे धरून कितीतरी वेळ पाहत राहिल्या. समुद्रात हे असंच घडत नाही, तिथलं काम फार गुंतागुंतीचं आहे, आणि आपण इतका धूर सोडतो की पाणी बदलून शिंपले कमजोर होऊ लागलेत, तेही मी सांगितलं. पण त्या दुसऱ्याच विचारात होत्या.

“म्हणजे माया भावाचा श्वासबी गेला असंन तिथं?”

“सगळा नाही. थोडा तरी गेलाच असेल. एवढ्या वर्षांचा श्वास आहे, आक्का!”

“मंग तो तर समुद्र पाहून बसला! घरच्यायले न सांगता गेला, लेकाचा.”

आम्ही दोघी हसलो. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी मोठ्याने हसलं. हसता हसता मी नकाशा काढला. कन्हान वैनगंगेला मिळते, वैनगंगा पुढे प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि गोदावरी समुद्राला. नोकरीवर जाताना ते रोज पुलावरून जी नदी ओलांडत, ती तिकडेच चालली होती. माझा हट्ट तिथेच सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अस्थी कन्हानमध्ये सोडल्या. पाण्यात हात घालून मी त्यांना धुराचं उत्तर सांगितलं.

पेला अजून खिडकीत आहे. पाणी नितळ झालं आहे आणि तळाशी पांढरा थर बसला आहे.