कच्ची पोरं घरी ठेवा

"ही चौथीत? हिला आई वाचता येईना!" साहेब हसले. मग आमचे गुरुजी हसले. मग सगळा वर्ग.

पोरांचं वाचन तपासायला ते तालुक्याहून आले होते. कागदावर वाक्य होतं, आई पाणी आणते. मी बघितलं, मला कळलं, आणि म्हटलं, "याहा पाणी आणते." आमच्या पाड्यावर भिली बोलतात. आईला याहाच म्हणतात. डोळ्यांनी शाळेचा शब्द वाचला, तोंडातून घरचा बाहेर पडला. अहो, वाचलं होतं की मी! कुणी विचारलंच नाही.

नावापुढे सगळ्यात खालचा स्तर पडला. प्रारंभिक. म्हणजे अक्षरही ओळखत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पहिलीच्या पोरांत, अ-आ गिरवत. पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी गुरुजी म्हणाले, "उद्या तू येऊ नको. शाळेचं नाव खराब होतं." मी याहाबरोबर मोहफुलं वेचायला गेले. खाली शाळेत पोरं मोठ्यानं वाचत होती. ते वाचन अजून कानात येतं. फळ्यावर लिहिता लिहिता येतं, आणि खडू धरलेला हात थांबतो. मेलं जातच नाही.

आता मी शिक्षिका आहे, अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातल्या शाळेत. परवा केंद्रप्रमुख आले. चहा घेतला आणि सहज म्हणाले, "मॅडम, सोमवारले वाचननी तपासणी शे. कच्चा पोरेसले घरच ऱ्हाऊ द्या."

माझे कान तापले.

"नाही ठेवणार."

"निकाल खाले जाई ना!"

"जाऊ द्या. कोण कुठं अडतंय ते कळावं म्हणूनच तपासायचं ना, सर? तीच पोरं घरी बसवली, तर मंगळवारी मी शिकवू कुणाला?"

ते माझ्या बदलीचं बोलून निघून गेले. भीती वाटली. खोटं कशाला सांगू? रात्री जेवण गेलं नाही.

पण सोमवारी सगळी पोरं येतील. आणायला मी स्वतः पाड्यावर जाणार. वर्गातली सगळ्यात कच्ची पोर साहेबांसमोर सगळ्यात आधी बसेल. मी शेजारी बसेन. ती जिथं अडेल, तिथूनच तिला दुसऱ्या दिवशी शिकवीन. आणि कुणी हसलं, तर त्याच्या हातातला कागद काढून घेईन. साहेब असला तरी.