मोरीवरचा पाटा

आभाळ भरून आलं की तळमजल्यावरच्या सुमनकाकू आपला दगडी पाटा मोरीच्या जाळीवर पालथा घालतात. त्यावर भरलेली बादली. मग जिन्यात येऊन ओरडतात, "पाऊस थांबेपर्यंत वरून पाणी सोडू नका गं!" आम्ही वरचे सगळे मुकाट्याने नळ बंद करतो.

रस्त्यावरचं पावसाचं पाणी पूर्वी तेल, कचरा घेऊन थेट नदीत जायचं. नदी घाण होते, म्हणून महापालिकेनं ते शुद्धीकरणाला जाणाऱ्या ड्रेनेजमध्ये वळवलं. चांगलंच केलं. पण पाइप जुनेच ठेवले. जोराची सर आली की ते तुंबतात आणि अख्ख्या गल्लीचं मैलापाणी काकूंच्या मोरीतून वर येतं.

तक्रारीनंतर आलेले साहेब दाराबाहेरूनच म्हणाले, "काकू, नदी स्वच्छ राहायला नको का?"

"राहू दे की! पण तिची घाण माझ्या घरात का?"



संताप येतो तो याचाच. घाण कुणी संपवली नाही, लोक फोटो काढतात तिथून फक्त हलवली. नदीकाठी आता बाकं आहेत, दिवे आहेत. फिरायला येणारे म्हणतात, किती छान झालंय!

आत्ता पाऊस थांबलाय. काकू फिनेल ओतून पाटा घासतायत. याच पाट्यावरची त्यांची लसणाची चटणी मागायला आम्ही वाट्या घेऊन खाली जायचो. आता काकू त्यावर काही वाटत नाहीत. आम्हीही मागत नाही.