फॉरमॅटचे बाराशे रुपये

बडनेऱ्याहून अमरावतीला जाताना मी ऑटोत बसून भांडणाची तालीम करत होतो. तिथल्या एका मोठ्या कॉम्प्युटर शोरूमनं दुरुस्तीचे साडेआठशे सांगितले होते, आणि सकाळी फोन आला की बिल तीन हजार दीडशे झालंय. माझं डोकं तसंही लवकर तापतं... त्या दिवशी तर घरूनच तापवून निघालो होतो.

गोष्ट जुनी आहे. परवा कपाट आवरताना ते बिल सापडलं, म्हणून लिहितोय.

तेव्हा स्टेशनजवळ माझा फोटो स्टुडिओ होता. लोडशेडिंगचे दिवस... लाइट आली की अशी झटक्यानं यायची की वस्तू जळायच्या. माझ्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय असाच उडाला, म्हणून तो अमरावतीला दुरुस्तीला टाकला होता.

त्या वर्षांत लग्नाच्या ऑर्डरी कमी आणि दुसरंच काम जास्त यायचं. लोक जुना ग्रुप फोटो घेऊन यायचे आणि एका चेहऱ्यावर बोट ठेवायचे... एवढाच कापून मोठा करून द्या, हार घालायचा आहे. चांगल्या धडधाकट माणसांचे चेहरे असायचे. नापिकीची वर्षं होती, काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

वैशाली तशीच आली. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यातली मुलगी, महिन्यापूर्वी तिच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. आता तिची आई गेली होती. कापूस वेचायचे दिवस, बाई अंगात ताप घेऊन वेचणीला जात राहिली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला.

"सलीमभाऊ, मायचा एखादा फोटो असन तुमच्यापाशी. घरी एकबी नाई."

होता... एकच. वैशालीचे वडील आधीच वारलेले, त्यामुळे विधवा आई लग्नात पुढे आलीच नव्हती. कन्यादान काका-काकूंनी केलं, स्टेजवरच्या एकाही फोटोत ती नाही. फ्लॅश चालतोय का बघायला मी मांडवामागे पाण्याच्या ड्रमकडे एक फोटो मारला होता, त्यात ती सापडली. हातात गिलास, आणि चक्क हसत होती.

आणि तो फोटो फक्त त्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमध्ये. कॅमेऱ्याचं कार्ड पुसून मी पुढच्या लग्नाला वापरलं होतं, अल्बम छापायचा बाकी होता, सीडी आज करू उद्या करू म्हणत राहून गेली. आळस माझा, दुसऱ्या कोणाचा नाही. तेरवी दोन दिवसांवर आली होती.

शोरूम एसीचं, काचेचं. मॅनेजरच्या गळ्यात टाय, आणि दर दोन वाक्यांनी अकोल्याच्या हेड ऑफिसचं नाव. बिल हातात आलं तसा मी सुरू झालो...

"अँटिव्हायरस कोनं मांगतला होता? सर्व्हिस चार्ज कायचा? अन् हे फॉरमॅटचे बाराशे काहून लावले? मी म्हनलो होतो का तुमाले, फॉरमॅट करा म्हनून?"

आजूबाजूची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मला बरंच वाटलं, ऐकू द्या सगळ्यांना. अर्धा तास मी असा बोलत होतो की माझाच घसा बसला.

मॅनेजर शांतपणे म्हणाला, "भाऊ, फॉरमॅट केल्याशिवाय आम्ही मशीन देतच नाही. अकोल्याचा रूल आहे."

मी इतका वेळ बाराशे रुपयांवर ओरडत होतो, आणि त्या शब्दाचा अर्थ आत्ता माझ्या डोक्यात शिरला होता. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसलेलं. लग्न, मांडव, तो ड्रम, ती बाई.

मी म्हटलं, आधी चालू करून दाखवा. तो म्हणाला, आधी पेमेंट.

मी भरले. पूर्ण तीन हजार दीडशे. फोटोपेपर घ्यायला आणलेले पैसेही त्यातच गेले.

शोरूममधली एक पोरगी वायरी जोडत होती आणि मी मनात एकच दुआ मागत होतो... या अल्ला, हे लोक चोर निघू दे. यांनी काहीच केलेलं नसू दे, मला बिनकामाचं लुटलेलं असू दे. अख्ख्या अमरावतीत अशी दुआ मागणारा त्या वेळी मी एकटाच असेन.

स्क्रीन उजळली. चिखलदऱ्याला काढलेला माझ्या लेकीचा फोटो समोर आला, आणि त्याच्यावर माझे सगळे फोल्डर, होते तसे... मी फोल्डर उघडलं. ती ड्रमजवळ हसत उभी होती.

अँटिव्हायरसचासुद्धा पत्ता नव्हता. मॅनेजरच्या हे लक्षात आलं, त्याचा चेहरा उतरला. "भाऊ, मिस्टेक झाली असेल... अकोल्याला विचारून सोमवारी पैसे वापस करतो."

भांडायला याहून चांगली संधी मला जन्मात मिळाली नसती. पण मी कॉम्प्युटर उचलला आणि ऑटोत बसून लहान पोरासारखा रडलो. सोमवारी गेलो नाही, नंतरही नाही. मागितलं होतं तेच मिळालं होतं, आता पैसे कोणत्या तोंडानं मागायचे?

तेरवीला मी स्वतः फोटो घेऊन गेलो. वैशालीनं तो पाटावर मधोमध ठेवला, हार घातला. मग हळूच म्हणाली, "पाहा ना भाऊ... माय पयल्यांदा सगळ्याइच्या समोर बसली."

मला तिथं थांबवेना.

बिल मी फाडलं नाही, परत कपाटात ठेवलं. त्या शोरूमचा मी आजही मनापासून आभारी आहे... घेतलेल्या पैशांचं काम न केल्याबद्दल.