हिराबाईची बुजवलेली खिडकी

अन्याय झाला तो हिराबाई नाखवा या कोळणीवर. एकोणीसशे चौतीस साली, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, गावच्या होड्या पावसाळ्यानंतर पहिल्यांदा दर्यात जात असतानाच तिच्या घरात दोन गवंडी शिरले आणि त्यांनी तिची खिडकी विटांनी बुजवून टाकली. हे करवणारे चोर-दरोडेखोर नव्हते. सहकारावर व्याख्याने देणारे, शिकलेसवरलेले लोक होते.

आता पुढचे जे लिहितो आहे त्यावर माझाच विश्वास बसत नाही, मग तुमचा कसा बसणार? भुताखेतांविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध मी स्वतः पत्रके लिहिली, छापली, वाटली. त्यापायी हरिहरेश्वरला एकदा धक्केबुक्केही खाल्ले. तेव्हा "हाही शेवटी त्यातलाच निघाला" असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी ते आत्ताच म्हणून घ्यावे.

आमचे गाव रेवदंड्याच्या अलीकडे. मुंबईत नोकऱ्या करणाऱ्या इथल्याच काही मंडळींनी को-ऑपरेटिव्ह सोसायटी काढली आणि वाळूच्या कडेला सहा ब्लॉकची सिमेंटची इमारत बांधली. गोल कोपरे, आगबोटीसारखे लोखंडी कठडे, जिन्यात वाटोळ्या खिडक्या, रंगीत फरश्या, घरातच मोरी... लोक लांबून बघायला येत. पण नकाशा मूळ काढला होता मुंबईतल्या एका प्लॉटसाठी. तिथे पश्चिमेला शेजारची इमारत अगदी खेटून, म्हणून पश्चिमेची भिंत साफ आंधळी. तोच नकाशा इथे आणून जसाच्या तसा उभा केला. समोर अख्खा समुद्र, आणि इमारतीची त्याच्याकडे पाठ.

जागा हिराबाईची. तिने मोबदल्यात तळमजल्याचा एक ब्लॉक मागितला आणि एकच अट घातली — घरात बसून दर्या दिसला पाहिजे. तिचा नवरा दर्यात गेला तो परत आला नाही. त्या दिवशी ती जेवून निजली होती. तेव्हापासून मुलगा पांडू होडी घेऊन गेला की त्याचे शीड नजरेस पडेपर्यंत ती घास तोंडात घालत नाही. आधी किनाऱ्यावर जाऊन बसायची, पुढे गुडघे गेले. म्हणून खिडकी. तेव्हा सगळ्यांना जागा हवी होती, सगळे हो म्हणाले. त्या आंधळ्या भिंतीत भोक पाडून हिरव्या झडपांची खिडकी बसवली.

मग सभासद सुट्टीला येऊ लागले. खिडकीत बोंबील वाळत घातलेले. वास येतो असे उघड म्हणवेना, कारण तिच्याच जमिनीवर बसलेले. तेव्हा त्यांनी तत्त्व शोधून काढले. सेक्रेटरी सभेत म्हणाले, "बाई, आमचा तुमच्यावर आकस नाही. पण सहकार म्हणजे समता. पाच ब्लॉकना पश्चिमेची खिडकी नाही, मग सहाव्याला कशी?"

हिराबाई म्हणाली, "मंग पाचांना पन पाडा की. मी कुटं न्हाय म्हनते?"

सभा हसली. सहकारात प्रत्येकाला एक मत. पाच विरुद्ध एक. खिडकी गेली — समतेसाठी.

मी पत्रक काढायचे ठरवले आणि तिची हकीकत लिहून घ्यायला गेलो. मला वाटले होते, बाई उपाशी पडून असेल. पण दिवस कलता कलता, भिंतीकडे तोंड करून बसलेली हिराबाई सुनेला म्हणाली, "वाढ गं. आला." सून ताट घेऊन आली. मी धावत बाहेर गेलो. पांडूचे शीड खडकामागून नुकते कुठे दिसू लागले होते. सुनेला विचारले तर म्हणाली, रोज असंच हाय.

मी म्हटले, सवय. वाऱ्यावरून, भरतीवरून अंदाज. आणि हे सिद्ध करायला मी स्वतः पांडूच्या होडीत बसलो.

सिद्ध काय करतो... मी दिवसभर ओकत होतो. वाऱ्याने टोपी दर्यात गेली तेव्हा पांडूने आपला लाल रुमाल माझ्या डोक्याला बांधला आणि पत्रकं छापनं सोपं हाय म्हणून टोमणा मारला. परतताना ऊन लख्ख होते. खडक ओलांडला आणि इमारत दिसली. पांढरी, सपाट भिंत... आणि तिच्यात हिरव्या झडपांची खिडकी. सताड उघडी. आत हिराबाई बसलेली. मी डोळे चोळले, तोंडावर खारे पाणी मारले. खिडकी होतीच.

"दिसली ना?" पांडू म्हणाला. "समद्यांना दिसते. आमी काय बोलत न्हाय."

उतरण्याआधी मी रुमाल त्याला परत केला आणि बोडक्या डोक्याने थेट तिच्या घरी गेलो. ती जेवत होती. मान वर न करता म्हणाली, "टोपी गेली व्हय? लाल रुमाल बरा दिसत व्हता. पोट रितं झालं असंल, बस, जेव."

मी भिंतीला हात लावला. ठोकून पाहिली. थंड, टणक, भरीव. विचारले, "आई, इथे तुला काय दिसते?"

"खिडकी हाय. तुमाला न्हाय दिसत त्याला मी काय करू?"

मला याचे कारण सांगता आले नाही. पण कारण नसले तरी बाई जेवत होती, तेवढे मला पुरे होते. सोसायटीला पुरले नाही. कोणीतरी बाजारात हे बोलले आणि दिवाळीच्या सुट्टीत सभेत मी तिच्या वतीने खिडकी पुन्हा उघडण्याचा अर्ज मांडला तेव्हा सेक्रेटरींनी तो बाजूला सारून थेट हिराबाईलाच विचारले, तुम्हाला घरातून समुद्र दिसतो की नाही?

मी तिच्याकडे पाहिले. एक शब्द — नाही — एवढाच हवा होता. पण तिने जन्मात खोटी साक्ष दिली नव्हती.

"दिसतो," ती म्हणाली.

"मग तक्रार उरली कुठे?" असे म्हणून त्यांनी ठराव मांडला: सभासद बाईंना समुद्र दिसत असल्याने खिडकीची आवश्यकता नाही. पाच विरुद्ध एक. भूतबाधेला एरवी नाके मुरडणारे हे लोक, आपल्या सोयीचा चमत्कार मात्र त्यांनी ठराव करून मान्य केला.

दुसऱ्या दिवशी शीड आले तरी हिराबाईने ताट मागितले नाही. पांडू घरी येऊन म्हणाला, दर्यावरून आज नुसती भिंत दिसली. त्यानंतर खिडकी कोणालाच दिसली नाही, ना आतून ना बाहेरून. ती आधी का दिसत होती आणि मग का गेली, मला ठाऊक नाही. डॉक्टरांना विचारले, मास्तरांना विचारले. कोणाला ठाऊक नाही.

ठाऊक आहे ते एवढेच की पांडू आता दोन-दोन दिवस मासेमारीला जातो आणि तितके दिवस ती पाण्यावर असते. शीड आले, असे सुनेने सांगितले तर म्हणते, "सांगितलेलं न्हाय चालत. बगलेलं पायजे." पांडू समोर येऊन उभा राहिला तरी, शीड बघितले नाही म्हणून, दोन घासांवर ताट सारते. किनाऱ्यावर उचलून न्यायची म्हटले तर तेवढ्यानेही तिला धाप लागते. हातातल्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकतात. मी तिच्यासमोर नुसता बसतो. इतकी पत्रके लिहिली, त्यातले एकही इथे कामाचे नाही.

हे मासिक मुंबईत वाचले जाते, आणि त्या पाच ब्लॉकांचे मालकही ते वाचतात. तुम्हा पाच जणांना माझी हकीकत खोटी वाटो, मला वेड लागले असे वाटो, माझी हरकत नाही. होळीला सभा आहे. आगबोटीने या, हिराबाईच्या समोर बसा, तिच्याकडे नीट पाहा, आणि भिंत फोडायच्या बाजूने हात वर करा.