भिंतीवरची वाक्यं मी तपासली होती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज दौंडच्या घरी लिहायला बसलोय — पूर्ण केल्याशिवाय उठणार नाही.

गाव आमचं शिरूर तालुक्यातलं, भीमेकाठचं. मेंढरं सोडून शेतीला लागलेलं घर. त्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. तो कोणामुळं? दहावीनंतर आबा मला शेतात घालायला निघाले, तेव्हा आमच्या प्राथमिक शाळेचे गुरुजी तीनदा घरी आले. कॉलेजात नाव घालायला एसटीनं माझ्यासोबत शिरूरला आले.

पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्या वर्षी गुरुजींनी शाळेच्या भिंतीवर रोजच्या बोलण्यातली इंग्रजी वाक्यं रंगवायची ठरवली. स्वतःचं इंग्रजी कच्चं, हे ते मोकळेपणानं सांगत. कागद घेऊन माझ्याकडं आले. "तपास रं, ग्रॅज्युएट. तू व्हय म्हनलास की रंग लावतो."

चाळीस वाक्यं. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' — इथं अडलो. पुढं आणखी पाच-सहा ठिकाणी. काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं. बरोबर काय, ते येत नव्हतं. कॉलेजातल्या सरांना विचारता आलं नसतं का? आलं असतं. पण मला येत नाही, हे मग गुरुजींना कळलं असतं. मी खाली 'सर्व बरोबर' लिहिलं आणि सही ठोकली.

गुरुजींनी सुट्टीत स्वतः ब्रश धरला.

महिन्याभरानं तालुक्याहून साहेब आले. पटांगणात गाव जमलेलं. साहेब एकेका चुकीवर बोट ठेवत गेले. सरपंच आप्पा म्हणाले, "गुरुजी, भिंत बोलती खरी, पन बोबडं बोलती!" सगळे हसले. मी — हो, मीही हसलो.

"कोणाकडून तपासून घेतलं होतं?" साहेबांनी विचारलं. गुरुजींचा हात खिशाकडं गेला. माझ्या सहीचा कागद तिथंच होता. मी खाली बघितलं. हात रिकामाच बाहेर आला.

"कुनाकडून न्हाई, साहेब. माझं मीच लिवलं."

एक पाऊल पुढं टाकायचं होतं. नाही टाकलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी त्या भिंतीला चुना फासला. तेव्हापासून वर्गात इंग्रजीचं एकही वाक्य ते मोठ्यानं बोललेले नाहीत. मुलांना पुस्तकातलं नुसतं उतरवायला लावतात. मला मात्र कधी एका शब्दानं बोलले नाहीत.

येत्या रविवारी त्यांचा निरोप समारंभ आहे. जुन्या विद्यार्थ्यांच्या वतीनं बोलायला गावानं मला बोलावलंय.

तिथं हेच वाचणार आहे. दुसरं भाषण मी लिहिलेलं नाही.