कुजबुजे तक्रार नोंदवतात

पडदा वर जातो तेव्हा समोर बँकेची शाखा आहे. डावीकडे काचेआड रोखपाल, उजवीकडे पासबुक छापणारं, केव्हाचं रुसून बसलेलं यंत्र. मधोमध ‘तक्रार निवारण’ अशी पाटी मिरवणारं टेबल. टेबलाला दोरीने बांधलेलं पेन. दोरी इतकी आखूड, की सही करणाऱ्याला आपोआप वाकून नमस्कार घडतो. टेबलापलीकडे, चष्मा कपाळावर सरकवलेल्या मॅडम. अलीकडे दोन खुर्च्या. एकीत अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेला मुलगा. दुसरीत, अगदी कडेला टेकून, आपले कुजबुजे.

कुजबुजे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. उभं आयुष्य ते एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, ओळीखाली बोट. नट अडला की पुढचा शब्द त्याच्या कानापर्यंत पोचवायचा आणि पहिल्या रांगेपर्यंत पोचू द्यायचा नाही. चुकीचा शब्द गेला, की तो पकडून बरोबर शब्द सरकवायचा. याला गळा नव्हे, काळीज लागतं. मोठमोठे नट त्यांच्या भरवशावर बिनधास्त रंगमंचावर जात. टाळ्या नटाला मिळत आणि अंधारात बसलेले कुजबुजे त्यातला आपला वाटा मनातल्या मनात खुशाल घेऊन टाकत. हे नाव त्यांना नटमंडळींनीच दिलं आणि ते जन्माचं चिकटलं.

नशिबाची थट्टा अशी, की या माणसाची बायको हळूहळू बहिरी होत गेली. जन्मभर कुजबुजून पोट भरलेल्या माणसाला म्हातारपणी घरात ओरडून बोलावं लागे. “चहा ठेवू का?” हे शेजारच्या चार बिऱ्हाडांना ऐकू जाई, फक्त तिला नाही. डॉक्टरांनी दोन्ही कानांना यंत्र लावायला सांगितलं होतं. आणखी उशीर केलात तर यंत्राचाही उपयोग होणार नाही, असंही बजावलं होतं. कुजबुज्यांनी पेन्शनीतून चिमूटचिमूट बाजूला टाकत रक्कम उभी केली. येत्या शनिवारी ती भरायची होती.

आणि मंगळवारी बँकेचं स्टेटमेंट आलं.

ते त्यांनी संहितेसारखंच वाचलं, ओळीखाली बोट धरून. वीजबिल, बरोबर. औषधाचं दुकान, बरोबर. एक भलतंच नाव दिसलं आणि काळजात धस्स झालं; पण ते निघालं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचं. सगळे त्याला ‘शेठ’ म्हणत. त्याला खरं नावही असेल, हे आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कुजबुजे स्वतःशीच हसले आणि बोट खाली सरकलं.

तिथे ते अडकलं. ‘पैसे पाठवण्याचे शुल्क.’ रक्कम अगदी किरकोळ. त्याखाली पुन्हा तेच. पुन्हा तेच. शुल्क कापलंय म्हणजे पैसे पाठवले गेलेत. त्यांनी शुल्काच्या वरच्या ओळी नीट पाहिल्या. तीन रकमा, एकाच दुपारी, कधी न ऐकलेल्या माणसाच्या खात्यात. दोन्ही कानांचे पैसे जवळजवळ सगळे गेले होते.

बायकोला त्यांनी सांगितलं नाही. सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं.

मुलाला तेवढा फोन केला. त्याने तिथल्या तिथे बँकेला कळवून खातं गोठवलं आणि आता दोघं या टेबलापुढे होते.

“आजोबा, आता आणखी काही जाणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “तिसरी रक्कम छोटी आहे, ती समोरच्या बँकेत अजून पडून दिसतेय. थांबवायला कळवलंय, बघू. पहिल्या दोन मात्र त्याने लगेच काढून घेतल्यात. त्यांचं काय होतं, ते या अर्जावर ठरेल.”

“मिळतील ना?”

“ओटीपी तुम्ही कुणाला दिला नसेल, तर बँक भरून देईल. दिला असेल तर नुकसान तुमचं. तिन्ही वेळा तो पहिल्या फटक्यात बरोबर पडलाय. कुणाला सांगितला होता?”

“छे. कुणालाही सांगायचा नाही, हे पाठ आहे मला.”

“बाबांना नाटकंच्या नाटकं पाठ आहेत, मॅडम,” मुलगा म्हणाला. “त्यात ही एक ओळ.”

मॅडम हसल्या, पण पेन खाली ठेवलं नाही. “मग फोन आणखी कुणाच्या हातात असतो? घरी कोण कोण असतं?”

“मी, ही, आणि दिवसा ताई.”

ताई म्हणजे बायकोच्या सोबतीला येणारी बाई. दारावरची बेल, फोन, आलेले मेसेज, सगळं ती बायकोला हातवारे करून सांगे. शेजारणीचं भांडणसुद्धा ती हातांनी इतकं हुबेहूब रंगवायची, की कुजबुजे म्हणत, ही कंपनीत असती तर माझी नोकरी गेली असती.

“म्हणजे मेसेज त्या वाचतात,” मॅडम म्हणाल्या. “मग त्यांचं नाव लिहावं लागेल. अर्ज पोलिसांकडे जातो. बोलावतील, विचारतील. काही नसेल तर सोडतील.”

“ताई तशी नाही हो.”

“बाबा, तसं कुणीच नसतं,” मुलगा हळूच म्हणाला. “तुम्ही नाही, आई नाही. मग उरलं कोण? मांजर?”

“आपल्याकडे मांजर नाही.”

“तेच म्हणतोय मी.”

कुजबुज्यांना सकाळ आठवली. सकाळी निघताना ताईनेच दार उघडलं होतं. “काका, तोंड का उतरलंय? बरं वाटत नाही का?” असं विचारलंही होतं. एका घरच्या माणसांनी दुसऱ्या घरी चांगलं सांगावं, यावरच तिचं पोट होतं. पोलिसांनी एकदा बोलावलं, की मग कोण दार उघडणार होतं तिला? पण पैसे गेले, हेही तितकंच खरं. फोन घरातच होता. मग कोण?

मॅडमनी अर्जावर ताईचं नाव लिहायला घेतलं. अर्धं लिहून झाल्यावर चष्मा डोळ्यांवर ओढला आणि संगणकाच्या पडद्याकडे वळून त्या नियम वाचू लागल्या. “तर नियम असा आहे, की ग्राहकाच्या हातून कोणताही... कोणताही...” पडद्यावरची अक्षरं पुढे सरकेनात.

“निष्काळजीपणा,” कुजबुजे म्हणाले.

“हं, निष्काळजीपणा झालेला नसल्यास...” मॅडम पुढे वाचत गेल्या. शब्द कुणी पुरवला, हे त्यांना कळलंही नाही. चांगल्या नटालाही कळत नसे.

पण कुजबुजे खुर्चीतच थिजले. असाच एक आवाज. असाच मध्येच अडलेला.

त्या दुपारी एक फोन आला होता. पोरगेला, अदबीचा आवाज. “काका, बँकेतून बोलतोय. खातं बंद पडू नये म्हणून तुम्हाला आकडे पाठवलेत. ते मला सांगू नका हं, कुणालाच सांगायचे नसतात. माझ्याकडचे मीच वाचतो. तुम्ही फक्त जुळतात का, तेवढं बघा.” किती सज्जन, असं तेव्हा वाटलं होतं. फोनवरच्या मेसेजखाली त्यांनी बोट धरलं होतं. पोरगा पहिलाच आकडा चुकला. कुजबुज्यांनी बरोबर आकडा सरकवला. तो पुढे गेला, पुन्हा अडला. पुन्हा पुरवला. सगळे आकडे झाल्यावर तो म्हणाला, जुळलं नाही काका, परत पाठवतो. असं तीनदा. नवीन दिसतोय, पाठांतर कच्चं आहे, म्हणून कुजबुज्यांना त्याची दयाच आली होती. फोन ठेवताना त्यांनी त्याला धीरही दिला होता, की घाबरू नकोस, सवयीने येईल.

ओटीपी सांगितला का, असं कुणीही, कधीही विचारलं असतं, तरी ते नाहीच म्हणाले असते. सांगितला कुठे होता? चूक तेवढी दुरुस्त केली होती.

“आता शेवटचं विचारते, आजोबा,” मॅडम म्हणाल्या. “कारण याखाली तुमची सही लागेल. ओटीपी कुणाला दिला होता का?”

मुलाने बापाचा चेहरा पाहिला. लहानपणी विंगेत उभा राहून त्याने तो पाहिलेला होता. नटाने पानभर मजकूर गाळला, की बापाचा चेहरा असा व्हायचा. काय झालं ते त्याला कळलं नाही, पण काहीतरी झालंय एवढं कळलं. तो खुर्चीतून वाकला आणि बापाच्या कानाशी पुटपुटला, “नाही म्हणा. फक्त नाही. बाबा, शनिवार आलाय.”

उभ्या जन्मात कुजबुज्यांना कुणी प्रॉम्प्ट केलं नव्हतं. मुलाचा आवाज नेमका बेताचा होता; मॅडमपर्यंत न पोचणारा. कुणी न शिकवता पोराने तो उचलला होता. आणि असा कानात पडलेला शब्द किती ओढतो, हे त्यांना म्हातारपणी पहिल्यांदा समजलं. ‘नाही’ जिभेच्या टोकावर येऊन बसला. म्हटलं, की मोकळे. शनिवारी बायकोचे दोन्ही कान. तो शब्द उच्चारलाच नाही, तर कदाचित एकही नाही. घरी ती खिडकीशी बसली असेल. तिच्यासमोर ताई हात नाचवत कुणाची तरी नक्कल करत असेल आणि ती हसत असेल.

मॅडम वाट बघत होत्या. मुलाने पुन्हा ओठ हलवले, “नाही.”

कुजबुज्यांनी हात पुढे केला. अर्ध्या लिहिलेल्या नावाखाली बोट ठेवलं. आणि ते बोलले ते घरातल्या आवाजात, चार बिऱ्हाडांना ऐकू जाईल अशा. रोखपालाचे नोटा मोजणारे हात थांबले. रांगेतली माणसं वळून बघू लागली.

“हे नाव खोडा, मॅडम. आकडे मीच दिले त्याला. तो चुकत होता हो, सारखा चुकत होता.”